रंकाळ्याचे शेजारी

कोल्हापुरात घराचा पत्ता सांगताना रंकाळा तळ्याचा आधार घेणारी माणसे फार आहेत. रंकाळा वेस, रंकाळा टॉवर, जाऊळाचा गणपती, पद्माराजे उद्यान, अंबाई टँक अशा खुणांनी आपण एकमेकांना घरी बोलावतो. तरीही रंकाळ्याचे शेजारी नेमके कोण, असे विचारले तर बहुतेक जण काठावरच्या रस्त्याला लागून उभ्या असलेल्या इमारतींकडे बोट दाखवतील. माझे घर त्या इमारतींमध्ये नाही. ते तळ्याच्या दक्षिणेला, बरेच आत, अशा गल्लीत आहे की गच्चीवर चढूनही पाणी दिसत नाही. मी मात्र स्वतःला रंकाळ्याची शेजारीण मानते, कारण आमच्या गल्लीवर पडणारा पाऊस, आमच्या मोऱ्यांतले पाणी आणि आमच्या गटारीत अडकलेला कचरा उताराने शेवटी त्याच तळ्याकडे निघतो. तळे सांभाळायचे असेल तर ज्यांना ते खिडकीतून दिसते त्यांच्याइतकेच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, ज्यांचे पाणी त्यात जाते त्यांनी जागे राहिले पाहिजे. या लेखात मला हेच सविस्तर मांडायचे आहे.

आधी काठावरच्या जीवनाविषयी, कारण तळ्याबद्दलची आपुलकी तिथेच तयार होते. पहाटे फिरायला येणाऱ्यांचे गट ठरलेले असतात आणि त्यांच्या बसण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. कुणी पद्माराजे उद्यानाच्या बाजूने येतो, कुणी शालिनी पॅलेसच्या समोरून. साडेचार किलोमीटरच्या आसपास भरणारी पूर्ण फेरी मारणारे थोडे असतात, आणि अर्ध्या वाटेत कट्ट्यावर बसून उसाच्या दरापासून तालमींच्या फुटबॉल सामन्यांपर्यंत सगळ्या विषयांचा निकाल लावणारे पुष्कळ असतात. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या आणि भाजक्या कणसांच्या गाड्या लागतात, माहेरी आलेल्या लेकी मुलांना घेऊन येतात, आणि काठावरच्या मोठ्या नंदीपाशी एखादी आजी नातवाला सांगत असते की हा नंदी रोज गहूभर पुढे सरकतो आणि तांदूळभर मागे येतो, आणि ज्या दिवशी तो पाण्याला पोहोचेल त्या दिवशी प्रलय होईल. उन्हाळ्यात पाणी उतरू लागले की तळ्यातला दगडी संध्यामठ अधिकाधिक उघडा पडतो, आणि त्याचे किती दगड बाहेर आले यावरून जुनी माणसे यंदाचा उन्हाळा जोखतात. एवढ्या निरनिराळ्या वयाची आणि पेठांची माणसे, कुणी कुणाला निमंत्रण न देता, दररोज एकत्र येतात अशी दुसरी जागा आमच्या शहरात क्वचितच असेल.

पण या येण्याजाण्यात एक मोठा बदल झाला आहे आणि त्याची चर्चा मला फारशी ऐकू येत नाही. मागच्या पिढीपर्यंत लोक रंकाळ्याच्या पाण्यात उतरत असत. गवळी म्हशी घेऊन येत, पोरे पोहायला शिकत, आणि धुण्याची चावी या नावानेच ओळखल्या जाणाऱ्या जागी घरोघरीच्या बायका गोधड्या आणि सतरंज्या धूत. पाण्याला रोज हजारो हात लागत असल्यामुळे ते दाट झाले, त्याला वास येऊ लागला, पायाखालचा गाळ वाढला, हे सर्वांना त्याच दिवशी समजत असे. आज आपण पाणी कठड्याच्या अलीकडून पाहतो. त्याचा रंग बदलला तरी छायाचित्रात ते सुंदरच येते. म्हशी पुन्हा तळ्यात घालाव्यात असे मी अजिबात म्हणत नाही, त्यांच्यामुळेही पाण्याचे नुकसानच होत होते. पण वापरातून आपोआप होणारी राखण संपली, तिच्या जागी जाणीवपूर्वक राखण उभी करावी लागेल, आणि ती अजून पुरती उभी राहिलेली नाही. शिवाय पाण्याशी ज्यांचा अजूनही हातातोंडाचा संबंध आहे अशा धुणाऱ्या बायकांवर किंवा गाडीवाल्यांवर सगळ्या प्रदूषणाचा ठपका ठेवणे हे मला फार अन्यायाचे वाटते. मागच्या शेकडो घरांतल्या वॉशिंग मशीनचे पाणी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून ते निर्दोष ठरत नाही.

तळी कशी जातात हे कोल्हापूरकरांना वेगळे शिकवण्याची गरज नाही. हे तळ्यांचे शहर होते. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आहे, कपिलतीर्थाच्या जागी मंडई भरते आणि सिद्धाळ्याची बाग झाली. ही तळी एका रात्रीत बुजली नाहीत. आधी त्यांचा उपयोग संपला, मग त्यांच्यात कचरा पडू लागला, मग डासांची तक्रार झाली, आणि अखेरीस ती बुजवणे हेच सार्वजनिक हिताचे काम ठरले. पाण्याचा उतार मात्र बुजवता येत नाही. म्हणूनच मोठ्या पावसात गांधी मैदानाचे आजही तळे होते, खेळ बंद पडतात, आणि आपण दरवर्षी त्याचे नव्याने आश्चर्य करतो. शहराला पाणी पुरवणारा कळंबा तलाव, शहराच्या आतले कोटितीर्थ आणि रंकाळा ही उरलेल्यांपैकी मोठी नावे. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन २०२३ साली सुरू झाली, ही शहरासाठी आनंदाची गोष्ट होती आणि मलाही तिचा आनंद झाला. पण पिण्याचे पाणी लांबून येऊ लागले की जवळच्या पाण्याची चिंता कमी होते, हा धोका तळ्यांच्या शहराने तरी ओळखायला हवा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. रंकाळ्याविषयीच्या तक्रारी दोनच स्वरूपांत ऐकू येतात. एक म्हणजे पाणी हिरवे झाले आहे आणि वास येतो, आणि दुसरी म्हणजे केंदाळ (जलपर्णी) वाढले आहे. या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे कारण एकच आहे, ते म्हणजे पाण्यात उतरलेले खत. सांडपाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस ही दोन्ही पोषकद्रव्ये भरपूर असतात. मैल्यातून, अन्नाच्या खरकट्यातून आणि काही धुण्याच्या पावडरींतून ती येतात. शेतात जे खत पिकाला लागते तेच तळ्यात शेवाळाला लागते, आणि गोड्या पाण्यात बहुतेक वेळा फॉस्फरस मिळाला की शेवाळाची वाढ सुटते. एक किलो फॉस्फरसाच्या आधारावर साधारण शंभर किलो सुके शेवाळ तयार होऊ शकते, आणि ओले म्हणाल तर त्याच्या कितीतरी पट. या शेवाळातले काही निळे-हिरवे प्रकार विषारी द्रव्येही तयार करतात, त्यामुळे पाण्यावर हिरव्या रंगासारखा तवंग दिसेल तेव्हा मुलांना आणि जनावरांना त्यापासून दूर ठेवावे.

दिवसा ऊन असते तोवर शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेच शेवाळ तो वापरते. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसांनंतर, किंवा मोठ्या प्रमाणावर शेवाळ मरून कुजू लागले असता, तो इतका घटतो की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात आणि नंतर मरतात. रंकाळ्यावर मेलेल्या माशांचा खच दिसला की कुणीतरी विष घातले अशी अफवा लगेच पसरते. बहुतेक वेळा विष घालण्याची गरजच नसते. आपणच वर्षभर थोडे थोडे जे पाठवलेले असते, त्याचा तो परिणाम असतो. पहाटे फिरणारी मंडळी या बाबतीत फार उपयोगी ठरू शकतात, कारण मासे तोंड वर काढू लागल्याचे पहिल्यांदा त्यांनाच दिसते, आणि ते दिसल्याबरोबर कळवले तर पाण्यात हवा खेळवण्यासारखा तातडीचा उपाय निदान करता येतो.

केंदाळाची कथा थोडी निराळी आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलाच्या देखणेपणामुळे ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली. पोषक पाणी आणि ऊन मिळाले तर एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, तिचे बी गाळात अनेक वर्षे टिकते, आणि तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. या शेवटच्या गोष्टीचा व्यवहाराशी थेट संबंध आहे. काढल्याबरोबर केंदाळ ट्रकमध्ये भरले तर आपण बहुतांशी पाणीच वाहून नेतो, आणि ते काठावरच पडू दिले तर कुजून त्यातले सगळे खत पहिल्या पावसात पुन्हा तळ्यात उतरते. म्हणून ते काठापासून दूर, उतार तळ्याकडे नसलेल्या जागी, वाळू द्यावे आणि मग हलवावे. सुट्टीच्या दिवशी स्वच्छतेला येणाऱ्या उत्साही तरुणांनी काढलेले ढीग काठावरच सडताना मी पाहिले आहेत. त्यांच्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच ती मेहनत पाण्यात परत जाऊ नये असे वाटते.

काठावरची स्वच्छता हवीच. पण ती काढलेल्या केंदाळापुरती असते, आणि ज्यामुळे केंदाळ येते ते मागून, नाल्यांतून, येतच राहते. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, शाम सोसायटी आणि परताळ्याच्या बाजूचे नाले अडवून सांडपाणी दुधाळीच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याचे प्रयत्न झाले. हे काम महत्त्वाचे आहे, पण नाला अडवण्याच्या व्यवस्थेला स्वतःच्या मर्यादा असतात, आणि त्या नागरिकांनी समजून घ्यायला हव्यात. उन्हाळ्यात नाल्यात फक्त सांडपाणी असते तेव्हा ते बांधाशी अडते आणि वळवलेल्या वाहिनीत जाते. पावसाळ्यात त्याच नाल्यात डोंगरउताराचे आणि रस्त्यांचे पाणी मिसळून लोंढा येतो, तो बांधावरून उसळतो, आणि सांडपाण्यासकट सगळे तळ्यात उतरते. जिथे पाणी पंपाने उचलावे लागते तिथे वीज गेली की उन्हाळ्यातही तेच होते. म्हणून नाल्याच्या तोंडाशी कितीही चांगली व्यवस्था केली, तरी नाल्यात मुळात काय सोडले जाते हा प्रश्न उरतोच, आणि त्याचे उत्तर फक्त वरच्या वस्त्यांकडे आहे.

हे पाहण्यासाठी आमच्या भागातले काही जण नाल्याच्या काठाने उलट्या दिशेने, म्हणजे तळ्याकडून घरांकडे, चालत गेलो. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक काका बरोबर होते, त्यांना चेंबर कुठे असतात आणि उतार कुणीकडे असतो हे रस्त्यावर नुसती नजर टाकून कळते. त्यांनी दाखवले ते साधेच होते, पण आम्हांपैकी अनेकांना नवीन होते. पुष्कळ घरांत संडासाचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जाते, मात्र न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन यांचे पाणी थेट रस्त्याच्या कडेच्या पावसाळी गटारीत सोडलेले असते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात मुरावे अशी रचना असते. पण आपल्याकडे मुरमाच्या थोड्याशा थराखाली काळा पाषाण लागतो, पावसाळ्यात जमीन आधीच भिजलेली असते, आणि शोषखड्डा पाणी घेत नाही. मग कुणीतरी कधीतरी त्या टाकीला एक पाइप जोडून तोही गटारीतच सोडलेला असतो. घरमालक बदलतात, भाडेकरू बदलतात, आणि त्या पाइपची आठवणही कुणाला राहत नाही.

वाटेत एका घरापुढे नळावर भांडी घासत बसलेल्या मावशींना काकांनी विचारले, “मावशी, हे पाणी कुठं जातंय?” त्या म्हणाल्या, “गटारीला.” “आणि गटारीतनं?” “खाली जातंय की. कुठं जातंय ते कोण बघतंय?” त्यांच्या बोलण्यात बेफिकिरी नव्हती. त्यांना खरोखरच कुणी कधी दाखवले नव्हते. त्यांचा मुलगा पुढच्या रविवारी आमच्याबरोबर नाल्याच्या तोंडापर्यंत आला, आणि नंतर त्याच्या गल्लीतली बोलणी त्यानेच केली. त्या दिवसापासून माझी अशी खात्री झाली आहे की भिंतीवर लावलेल्या दहा फलकांपेक्षा एकदा नाल्याच्या काठाने चालणे अधिक काम करते.

आमच्या गल्लीत पुढे जे झाले ते मी थोडे तपशिलाने सांगते, कारण दुसऱ्या वस्त्यांना त्याचा उपयोग होऊ शकेल. एका अंगणात बैठक झाली आणि पहिला तास कुणाचा पाइप कुठे जातो यावरच्या रागालोभात गेला. काका शांतपणे म्हणाले, की आधी सगळ्यांची चेंबरे उघडून पाहू, बोलू नंतर. झाकणे उघडल्यावर वाद आपोआप कमी झाले. जिथे ड्रेनेजची वाहिनी रस्त्यावरून गेलेली होती, तिथल्या घरांनी रीतसर अर्ज करून आपली जोडणी तिकडे वळवायची ठरवली. जिथे ती नव्हती, तिथे सेप्टिक टँक वेळेवर उपसायचा एवढाच मार्ग होता. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी असे जाणकार सांगतात, कारण गाळ भरत गेला की टाकीत पाणी थांबायला जागाच उरत नाही आणि मैला तसाच पुढे निघून जातो. आमच्याकडे काही टाक्या घर बांधल्यापासून उघडल्या गेल्या नव्हत्या. गल्लीतल्या घरांनी एकत्र मिळून टँकर बोलावला तर प्रत्येकाचा खर्च बराच कमी होतो, हेही तेव्हाच लक्षात आले.

इथेच एक वाईट अनुभव आला. उपसलेला मैला शुद्धीकरण केंद्रावर नेण्याऐवजी टँकर रात्री वरच्या अंगाला, त्याच नाल्याच्या कडेला, रिकामा करण्यात आला. पलीकडच्या वस्तीतल्या एका मुलाने तो पाहिला नसता तर आम्हांला कधीच कळले नसते, आणि पैसे देऊन आम्ही आपलाच मैला आपल्या तळ्यात पाठवला असता. तेव्हापासून मैला केंद्रावर उतरवल्याची पावती दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, असा नियम सगळ्यांनी मिळून केला. टँकर बोलावणाऱ्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने हा नियम करावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक इमारत मात्र आजही जोडणी वळवायला तयार नाही. घरमालक परगावी आहेत, भाडेकरूंना तो खर्च आपला वाटत नाही, आणि दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. अशा वेळी शेजाऱ्यांचा रेटा पुरत नाही, तिथे नियमाचाच आधार घ्यावा लागतो.

सणांच्या बाबतीत कोल्हापूरने खरोखर अभिमानाने सांगावे असे काम केले आहे. गौरी-गणपतीच्या दिवशी घरगुती मूर्ती पूर्वी थेट रंकाळ्यात आणि पंचगंगेत जात. आज गुऱ्हाळातल्या काहिली पाण्याने भरून काठावर आणि चौकाचौकांत ठेवल्या जातात, मूर्ती दान करण्याची पद्धत रुजली आहे, आणि मंडळांच्या मोठ्या मूर्तींसाठी रंकाळ्याशेजारच्या इराणी खणीचा उपयोग होतो. उसाच्या मुलखात विसर्जनासाठी काहील वापरावी हे मला फार आपले वाटते. गुळाच्या हंगामाला वेळ असतो, काहिली मोकळ्या असतात, आणि गूळ पिकवणाऱ्या गावांचा शहराच्या तळ्याला हातभार लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाविषयी २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० साली त्या सुधारल्या, पण सूचना निघाल्याने लोकांची सवय बदलत नाही. ती बदलली ती तरुण मंडळांच्या, शाळांच्या आणि काठावर दिवसभर उभ्या राहून हात जोडून विनंती करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या बळावर. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात फार सावकाश विरघळते आणि रंगांतून जड धातू उतरू शकतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. शाडूविषयी मात्र एक भर घालावीशी वाटते. शाडूची मूर्ती विरघळते खरी, पण विरघळलेली मातीही तळाशी गाळ म्हणूनच साचते. म्हणून शाडूची मूर्तीसुद्धा घरच्या बादलीत किंवा काहिलीत विसर्जित करून ती माती पुढच्या वर्षी मूर्तिकाराला किंवा बागेला द्यावी, हेच बरे.

निर्माल्य आणि माशांना घातले जाणारे अन्न यांचा प्रश्न त्यामानाने नाजूक आहे, कारण तिथे श्रद्धेचा आणि मायेचा संबंध येतो. एक मामी रोज सकाळी कणकेचे गोळे घेऊन घाटावर येतात आणि मासे गोळा झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते पाहून त्यांना काही सांगायला जीभ रेटत नाही. तरी सांगावे लागते. न खाल्लेली कणीक कुजताना पाण्यातला प्राणवायू वापरते, आणि खाल्लेली कणीकही शेवटी खतच होते. “मग यांना उपाशी ठेवू होय?” असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना एवढेच सांगितले की, मामी, तळ्यात त्यांच्या पोटापुरते आहे, त्यांना कमी पडते ते श्वासाला. आता त्या गोळे आणतात, पण मूठभरच.

काठाच्या बांधकामाविषयी माझे मत अनेकांना पटत नाही, तरी लिहिते. आपल्याला तळ्याचा काठ दगडी, सरळ आणि झाडाझुडपांशिवाय आवडतो. जुनी काळ्या दगडाची तटबंदी हा आपला वारसा आहे आणि तिची डागडुजी झालीच पाहिजे. पण जिथे तटबंदी नाही आणि उथळ पाण्यात पाणकणीस आणि लव्हाळे उभे आहेत, तिथे ते उपटून काँक्रीटचा काठ करणे हे तळ्याचे नुकसान आहे. केंदाळ पाण्यावर तरंगते आणि पसरते. पाणकणीस मुळांनी जागेवर उभे असते, येणाऱ्या पाण्याचा वेग कमी करते, गाळ अडवते आणि काही पोषकद्रव्ये स्वतःत घेते. वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या आणि टिबुकल्या या पाणपक्ष्यांची घरटी अशाच आडोशाला असतात. साप निघतात म्हणून ते सगळे काढून टाका, अशी मागणी काठावरच्या रहिवाशांकडून येते, तेव्हा मला त्यांची भीती समजते. ठरावीक वाटा मोकळ्या ठेवून आणि वाळलेले पाणकणीस वर्षातून एकदा कापून बाहेर नेऊन ती भीती कमी करता येते. कापून बाहेर नेण्याला महत्त्व आहे, कारण त्या काडीबरोबर तळ्यातले खतही बाहेर जाते. कारंजी आणि रंगीत दिवे यांवर जितका उत्साह दाखवला जातो त्याच्या निम्मा जरी या गवताळ काठाच्या वाट्याला आला तरी बरेच साधेल.

एवढे सगळे करूनही पाणी लगेच नितळ होणार नाही, हे आधीच मनाशी धरून चालावे लागते. तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ आहे आणि त्या गाळात फॉस्फरस साठलेला आहे. तळाजवळ प्राणवायू संपला की तो साठा पुन्हा पाण्यात सुटू लागतो. म्हणजे उद्या सगळे नाले बंद झाले तरी काही वर्षे तळे स्वतःच्याच गाळातून शेवाळाला खाऊ घालत राहील. या टप्प्यावर लोकांचा धीर सुटतो, इतका खर्च करून काय झाले असे म्हटले जाते, आणि मग एखादी झटपट पावडर पाण्यात टाकण्याचा मोह होतो. पाण्यात खरोखर फरक पडतो आहे की नाही हे डोळ्यांच्या अंदाजाने कळत नाही, म्हणून मोजले पाहिजे. इटलीतले शास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ साली वापरलेली एक अगदी सोपी पद्धत आजही जगभर चालते. पांढरी किंवा काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी होईल ती खोली लिहून ठेवायची. आमच्या भागातल्या मुलांनी पत्र्याची तबकडी रंगवून, दोरीला गाठी मारून, एका घाटावरून असे मोजणे सुरू केले आहे. मोठी माणसे बरोबर असतात, वेळ दुपारच्या आधीची ठरलेली असते, आणि खोली, पाण्याचा रंग, वास, केंदाळ किती सरकले याची नोंद वहीत होते. काही वर्षांच्या नोंदी हाताशी असतील, तर पाणी सुधारले की बिघडले यावर बैठकीत आवाज चढवण्याची गरज पडणार नाही.

अशी कामे लोक फार दिवस करत नाहीत, असे मला अनेकांनी सांगितले. मला ते मान्य नाही, आणि त्याला कारण कोल्हापूरच आहे. पंचगंगेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार विनामूल्य होतात आणि त्यासाठी लागणाऱ्या शेणी लोक दान देतात. होळीत जाळायच्या शेणी तिकडे पाठवणारी मंडळे आहेत, लग्नाच्या वाढदिवसाला किंवा आईवडिलांच्या स्मृतिदिनाला शेणी देणारी कुटुंबे आहेत, आणि हे एखाद्या वर्षाचे नव्हे, पिढ्यांचे चालत आले आहे. ज्या गावाने अशी सवय लावून घेतली, त्या गावाला गल्लीतली चेंबरे वर्षातून एकदा उघडून पाहण्याची सवय लागणार नाही, असे मी कसे मानू? पेठांमधल्या तालमींनी एकेक घाट वाटून घ्यावा असे अनेकदा सुचवले जाते. ते व्हावेच, पण त्याहीपेक्षा वरच्या वस्त्यांतल्या मंडळांनी एकेक नाला वाटून घेतला, तर घाटांवरचे निम्मे काम कमी होईल.

आमच्या भागापुरते ठरले आहे ते असे. वळीव पडून जमीन मऊ झाली की मृगाच्या आधी गटारी उपसायच्या, आणि उपसलेला गाळ कडेला न ठेवता त्याच दिवशी उचलून न्यायचा, नाहीतर पहिल्या पावसात तो पुन्हा आत जातो. नाल्याच्या वळणावर लोखंडी जाळी बसवली आहे, पावसाळ्यात ती रोज कुणी साफ करायची याची पाळी घरांच्या क्रमाने लागली आहे, कारण न साफ केलेली जाळी तुंबून गल्लीतच पाणी चढवते. ज्या टाक्या यंदा उपसायच्या आहेत त्यांची यादी बैठकीत वाचून दाखवली जाते. न ऐकणाऱ्या इमारतीच्या मालकांना पत्र गेले आहे, आणि ते गणपतीला गावी येतील तेव्हा काका स्वतः त्यांना घेऊन नाल्याच्या काठाने चालणार आहेत. रंकाळ्याच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला राहणाऱ्या कुणाला आपल्या गल्लीत असे चालायचे असेल, तर पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर अर्ध्या तासात निघावे, कारण तेव्हा कुठले पाणी कुठून येते ते सर्वांत स्वच्छ दिसते. पायांत रबरी बूट घालावेत, मुलांना नाल्याच्या पात्रात उतरू देऊ नये, आणि दिसलेल्या प्रत्येक पाइपची जागा नकाशावर लिहून ठेवावी.